पाचव्या क्लासात उतरलेला घोडा

मला इंग्रजी वाचता येतं ते दादामुळे. तो शाळा सोडून आंबिवलीच्या एका कारखान्यात लागला आणि त्याच्या पगारावर मी बी.कॉम. झालो. घरातला पहिला पदवीधर. त्या इंग्रजीचा दादाने माझ्याकडून एकच उपयोग मागितला. शनिवारी संध्याकाळी रेसचं पुस्तक वाचून दाखवायचं.

मागच्या वेळी घोडा जिंकला का, एवढ्याने त्याचं समाधान होत नसे. कुठल्या क्लासात जिंकला, हे तो आधी विचारी. पहिला क्लास सगळ्यांत वरचा, पाचवा तळाचा. पाचव्यात सहज जिंकलेला घोडा चौथ्यात चढवला की बरोबर पळणारे दमदार असतात, तिथे तो मागे पडू शकतो. उलट वरच्या क्लासात हरत हरत पाचव्यात उतरलेला घोडा तिथे पुन्हा जिंकू शकतो. मात्र त्या कमी कुवतीच्या घोड्यांत तोच सरस धरला जातो, म्हणून शर्यत बरोबरीची व्हावी यासाठी सगळ्यांत जास्त वजन त्याच्याच पाठीवर येतं. हे मला वाचता वाचता कळत गेलं.

दादा कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला आणि वर्ष उलटलं तरी त्याला काम मिळेना. मी तेव्हा ठाण्यात नोकरीला होतो. खोपटला एसटी डेपोच्या मागे एक वर्कशॉप होतं, तिथे शब्द टाकला. मालक म्हणाले, हेल्परची जागा आहे, सोमवारी पाठवा.

"हेल्पर?" दादा म्हणाला. "माझ्या हाताखाली हेल्पर असायचे रे."

"ते कुठेतरी लागले असतील," वहिनी स्टोव्हला पंप मारत म्हणाली. "तुम्हीच तेवढे घरात साहेब."

दादा हसला. पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाला, "वाच."

दुसऱ्या दिवशीच्या रेसमध्ये एक वयस्क घोडा होता. कधीकाळी तिसऱ्या क्लासात जिंकलेला, आता पाचव्यात.

"हा पहिला आला तर मी सोमवारी खोपटला जातो," दादा म्हणाला. "नाही आला तर पुन्हा विषय काढायचा नाही."

"दादा, वजन बघ त्याच्यावरचं."

"बघितलं. उचलेल."

घोडा आला. रविवारी संध्याकाळी दादा गरम भजी घेऊन घरी आला आणि वहिनीला म्हणाला, "उद्या डबा कर."

पहिल्याच आठवड्यात त्याने बंद पडलेलं एक मशीन चालू केलं. मग प्रत्येक दुरुस्तीला त्यालाच हाक येऊ लागली. लोखंड उचलायलाही तोच, कचरा काढायलाही तोच. त्याच्याहून कितीतरी लहान सुपरवायझर "ओ काका, चला लवकर" म्हणायचा. काही महिन्यांनी दादाने फिटरची जागा मागितली. मालक म्हणाले, जागा हेल्परचीच आहे. मग मी जाऊन भेटलो. मला त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि उत्तर तेच दिलं.

त्या शनिवारी पुस्तकात तो घोडा पुन्हा होता.

"कुठल्या क्लासात?" दादाने विचारलं.

"चौथ्या."

"आणि वजन?"

"कमी केलंय."

दादा काही वेळ आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. "बरं झालं त्याचं," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. पुढच्या शनिवारी त्याने पुस्तक आणलं नाही. पुन्हा कधीच आणलं नाही. सोमवारी मात्र तो डबा घेऊन खोपटला जात राहिला.