डाव्या तळहाताची अडचण

जुनाट दुखण्याचे माणूस देवीची लस टोचून घ्यायला नाही म्हणते, तेव्हा ते नक्की कशाला नाही म्हणत असते? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहितो आहे. माझ्याजवळचा पुरावा एकाच घरातला आहे, आमच्या.

निजामाचे राज्य संपले होते. हैदराबाद राज्याची वाटणी अजून व्हायची होती. आमचे गाव बीदर जिल्ह्यात, कोहिनूर गावाच्या वाटेवर. मी तिथल्या मराठी शाळेत शिकवीत असे. थोरल्या बहिणीला, अक्काला, तरुणपणापासून दमा होता. नवरा वारल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. उबळ नसली तरी भिंतीला टेकून बसे. जेवायला हाक मारली की जेवी. नाही मारली तर भूक लागली असे म्हणत नसे. आम्ही त्याला अशक्तपणा म्हणत होतो. दुसरा शब्द आमच्याकडे नव्हता.

शेजारच्या गावात देवी आल्या, तेव्हा सरकारी टीकेवाला, म्हणजे लस टोचणारा, आमच्याकडे घरोघर फिरू लागला. अक्का मात्र नाही म्हणाली. श्वासाचे दुखणे असलेल्या माणसाला देवी आल्या तर ते वाचणे कठीण, असे टीकेवाल्याने अंगणातूनच सांगितले.

अव्वाजवळ, म्हणजे आईजवळ, नकाराचे कारण तयार होते. आम्ही लिंगायत; आमच्या घरात गळ्यातले इष्टलिंग सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात पाणी घालायचे, अशी रीत. टोचत ते डाव्याच दंडावर. दंड सुजला की हात छातीपाशी धरवत नसे.

"पूजेवाचून पाणीबी पीत न्हाई लेकरू माझं," अव्वा म्हणाली. "हात सुजला तर काय उपाशी मरावं तिनं?"

मला उत्तर सोपे वाटले. मी अक्कासमोर बसून ते नीट मांडले : पूजेला डावा हात लागतो, टोचणी उजव्या दंडावरही चालते, म्हणून अडचण उरत नाही.

"तम्मा," अक्का मला, धाकट्या भावाला, म्हणाली, "शाळा सुटली की. आता तरी मास्तरकी सोड."

"मग कामून न्हाई म्हणायलीस?"

"मी कुठं हाताचं बोलले? अव्वाच बोलायलीय." मग तिने त्याच आवाजात सांगितले, "लिंग हातावर घेऊन लई दिस झाले. घेतच न्हाई मी."

अव्वाच्या हातातले सूप थांबले. "आन् रोज सकाळी कोपऱ्यात तोंड करून काय करतीस गं?"

"बसते."

अव्वा रागावेल असे मला वाटले होते. ती रागावली नाही. तिने सूप खाली ठेवले.

अंगणातून टीकेवाला म्हणाला, "क्या अक्का, डर गये क्या? चींटी काटे सरीका है."

"टोचा," अक्का म्हणाली. "टोचलं काय, न्हाई टोचलं काय."

तिने डावाच हात पुढे केला. मी ते पाहत होतो. मघाच्या नकारात आणि आताच्या होकारात मला काही फरक दिसला नाही. दोन्हींत तिची इच्छा नव्हती.

काही दिवसांनी दंडावर फोड आला, ताप चढला, हात जड झाला. त्या सकाळी अव्वा अंघोळ करून अक्काशेजारी बसली. तिने अक्काचा डावा हात उचलला आणि कोपराखाली स्वतःचा तळहात ठेवला. "घे. मी धरलाय," एवढेच म्हणाली. मग अक्काने गळ्यातले लिंग काढून तळहातावर ठेवले. मंत्र म्हटल्याचे मला ऐकू आले नाही.

सूज उतरली तरी अव्वा कोपराखाली हात देत राहिली. सुजलेल्या हाताला आधार कसा द्यावा हे तिला ठाऊक होते. त्याआधी कशाला आधार द्यायचा हेच आम्हा कोणाला कळले नव्हते. अक्काला देवी आल्या नाहीत. दमा राहिला. एकदा तिने हाक मारण्याआधी ताट मागितले. याहून अधिक झाले असे मी म्हणू शकत नाही.

तेव्हा माझे उत्तर असे : ती टोचणीला नाही म्हणत नव्हती, तिला कशाचेच काही वाटत नव्हते, आणि ते आम्ही हाताच्या अडचणीत मोजले. एका घरावरून नियम होत नाही. आपल्या घरात असे जुने दुखणे असेल, तर सुईचे विचारण्याआधी त्या माणसाची सकाळ कशी जाते ते विचारा, आणि माझे उत्तर बरोबर आहे का ते स्वतः तपासून पाहा.