उलट्या तारांची गिटार

गिटार बघायला मोशीला निघालो तेव्हा माझ्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत, हे मी फोनवर सांगितलं नव्हतं. विकणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं होतं, की तुम्ही नव्यानं शिकताय की आधीपासून वाजवता. मी म्हणालो, मध्ये बरीच वर्षं बंद होतं. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

मी मूळचा देहूरोडचा. आमच्या मागच्या गल्लीत लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. सगळी पोरं त्यांना सर म्हणत. बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवत, पण घरी त्यांच्याकडे एक इलेक्ट्रिक गिटार होती. साठच्या दशकातली, अमेरिकेत बनलेली, अस्सल. मध्ये मधासारखी पिवळी, कडेकडे तांबूस होत गेलेली आणि अगदी काठाला काळी. नोकरीत असताना कुठल्याशा छावणीत त्यांनी ती एकाकडून घेतली होती. मी दहावीत असताना त्यांच्याकडे जायला लागलो. आधी साबणानं हात धुवायचे, कोरडे पुसायचे, मग सर गिटार माझ्या मांडीवर ठेवायचे. दर रविवारी सकाळी, चार वर्षं, त्यांनी मला शिकवलं आणि कधी काही घेतलं नाही. आईनं दिलेला लाडवांचा डबासुद्धा ते अर्धा परत पाठवायचे.

आयटीआय झाल्यावर मी कुरुळीजवळच्या एका लहान प्रेस शॉपमध्ये लागलो. पत्र्याचे भाग दाबून काढायचं काम. तेविसाव्या वर्षी, सलग दुसरी शिफ्ट संपत आलेली असताना, प्रेस एकदा यायची ती लागोपाठ दोनदा खाली आली. मधलं बोट आणि अनामिका, दोन्ही दुसऱ्या पेरापासून गेली. गिटारवर तारा दाबायचं काम डाव्या हाताचं. त्यामुळे शुद्धीवर आल्यावर मला पहिल्यांदा काय आठवलं असेल ते सांगायला नको.

सर दवाखान्यात आले. तासभर बसले. हाताकडे बघितलं. जाताना म्हणाले, "रविवारी येत जा. नुसतं बसायला ये."

मी गेलो नाही. त्या गल्लीतून जाणंच सोडलं. अडीच-तीन वर्षांनी सर वारले आणि घर आवरताना मुलानं गिटार विकून टाकली, असं कानावर आलं. तसली गिटार आज विकायला निघाली तर तिच्या किमतीत गाडी येईल म्हणतात. मला मात्र गिटार गेल्यापेक्षा मी रविवारी गेलो नाही, हेच जास्त लागून राहिलं.

पुढं सगळं बरं झालं. दुसऱ्या एका कंपनीनं मला क्वालिटीत घेतलं. आलेला भाग गेज लावून तपासायचा, बसला तर पास, नाही तर बाजूला. त्याला दहा बोटं लागत नाहीत. लग्न झालं, मुलगी झाली, चिखलीत घर झालं. गिटारचं बायकोला एकदाच सांगितलं होतं, तेही चार वाक्यांत.

एका गुरुवारी, आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते, मी मोबाइलवर तशाच गिटारींचे फोटो बघत बसलो होतो. बायको शेजारी मटार सोलत होती. तिनं मान वळवून स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "उजव्या हातानं तारा दाबता येत नाहीत का?"

मी म्हणालो, तसं नसतं, सगळी रचनाच त्या हाताची असते.

बायको डावखुरी आहे. शाळेत बाईंनी तिच्या डाव्या हातावर पट्ट्या मारल्या, तरी तिनं हात बदलला नाही. आज ती अंगणवाडीत मुलांना त्याच हातानं अक्षरं गिरवून दाखवते. ती म्हणाली, "घरातली कात्रीसुद्धा उजव्या हाताची आहे. मी कापतेच की."

एवढं बोलून ती पुन्हा मटार सोलायला लागली. वीस-बावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि लाज वाटते सांगायला, मी स्वतःही विचारला नव्हता. माझ्या डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट शाबूत होतं. तारा छेडायची पट्टी धरायला तेवढं पुरतं.

शोधायला लागलो तेव्हा कळलं, की डावखुऱ्यांसाठीच्या गिटारी दुकानात सहसा नसतातच, मागवाव्या लागतात आणि महाग पडतात. मग ही जाहिरात दिसली. सरांच्या गिटारीची हुबेहूब नक्कल, तोच आकार, तेच पिवळ्यातून काळ्यात जाणारे रंग. किंमत मला झेपेल अशी. विकणारी मोशीच्या एका नव्या सोसायटीत राहत होती आणि घरूनच काम करत असल्यानं दुपारी जेवणाच्या वेळेत या म्हणाली होती.

बायको गाडीवर मागं बसली. दार उघडलं ते जेमतेम तिशीच्या मुलीनं. बैठकीच्या भिंतीवर पाच-सहा गिटारी टांगलेल्या. ती आयटीत होती, पण जुन्या, मोडक्या गिटारी घेऊन दुरुस्त करायचा तिला नाद होता. मी बसायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, "काका, ही कॉपी आहे. वर अस्सल कंपनीचं नाव चिकटवलेलं होतं, ते मी खरवडून काढलं. कुणाला फसवायला नको."

आमच्या धंद्यात डुप्लिकेट हा शब्द शिवीसारखा वापरतात, म्हणून तिचं ते सांगणं मला फार आवडलं. मी उजव्या हातानंच गिटार उचलून मांडीवर घेतली आणि सवयीनं तपासायला लागलो. एक डोळा मिटून गिटारच्या मानेची सरळ रेघ बघितली. मान जिथं अंगाला जोडलेली असते तिथली फट बघितली. मानेवरच्या धातूच्या पडद्यांच्या कडांवरून नख फिरवलं, तर दोन-तीन ठिकाणी टोचलं. ते मी सांगितलं. ती हसून म्हणाली, इतकी बारीक तपासणी आजवर कुणी केली नव्हती. मग म्हणाली, आता वाजवून बघा.

मी खिशातून डावा हात काढला.

तिनं हाताकडे बघितलं आणि एकच शब्द विचारला, "प्रेस?"

मी हो म्हणालो. तिनं आत हाक मारली, "बाबा, जरा बाहेर या." तिचे वडील आले. चाकणच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले, बोलण्यात मराठवाडा अजून होता. माझ्या समोर बसून त्यांनी माझा हात स्वतःच्या हातात घेतला, जसा डॉक्टर घेतो तसा. कुठल्या शिफ्टला, किती वर्षं झाली, विचारलं. मग म्हणाले, "माझ्या शेजारच्या मशीनवर एक जण व्हता. त्याची चार गेली. त्यानं नंतर हातात कायबी धरलं न्हाई, चहाचा कपसुद्धा बायको धरायची. तुमी घ्या ही गिटार."

मी त्या मुलीला सांगितलं, की मला ती उलटी वाजवायची आहे, उजव्या हातानं तारा दाबून. जमेल का, ते मला माहीत नाही. मी "तुम्ही" म्हणून बोलत होतो, तर तिनं आधी ते थांबवलं. अहोजाहो नको म्हणाली. मग गिटार माझ्या अंगाला उलटी लावून बराच वेळ बघत राहिली. तारांचा क्रम उलटा करावा लागेल. तारा ज्या हाडाच्या पट्टीच्या खाचांतून जातात, ती पट्टी नवी घासून बसवावी लागेल. खांद्यावर अडकवायच्या पट्ट्याचा खिळा दुसऱ्या बाजूला हलवावा लागेल. आवाजाची बटणं मात्र हाताखाली येतील, वाजवता वाजवता मनगट लागून फिरतील. "त्याला इलाज नाही, काका. सवय करून घ्यावी लागेल."

मी म्हणालो, सवय करून घ्यायचा मला अनुभव आहे.

तिनं दोन आठवडे मागितले आणि या सगळ्या कामाचं वेगळं काही घ्यायला साफ नकार दिला. तिसऱ्या गुरुवारी गेलो तर गिटार तयार होती. पडद्यांच्या टोचणाऱ्या कडासुद्धा तिनं एकेक करून घासून गुळगुळीत केल्या होत्या. मी तपासलं. कुठंच नख अडकलं नाही.

ती छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून मी पहिल्यांदा तार छेडली, तेव्हा मोठं काही झालं नाही. डोक्याला सगळं आठवत होतं आणि उजव्या हाताला काहीच येत नव्हतं. कुठलं बोट कुठं जायचं ते मला माहीत, पण ती बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी वागत. एक साधा कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, स्वच्छ वाजायला मला अडीच महिने लागले. बोटांची टोकं सोलून निघाली. घरी मुलगी म्हणायची, बाबा, जरा दार लावून घ्या. बायको मात्र दार उघडं ठेवायची.

मोशीच्या मुलीनं मला एक गुरुवार आड यायला सांगितलं. ती जेवणाच्या सुट्टीत शिकवते, मी शिकतो. वयानं मी तिच्यापेक्षा चांगला पंधरा वर्षांनी मोठा, पण चुकलो की ती सरळ थांबवते, पुन्हा घ्यायला लावते. तिचे वडील समोर बसून ऐकतात आणि जे जमतं त्याला मान हलवतात. मला सरांसारखं शिकवणारं माणूस या आयुष्यात दुसऱ्यांदा भेटेल असं वाटलं नव्हतं. यावेळी मी एकही खाडा केलेला नाही.

आता तीन-चार चाली नीट येतात. खूप नाही, पण ऐकणाऱ्याला ओळखता येतात. मागच्या महिन्यात कंपनीच्या गेटवर हजेरीच्या मशीननं माझ्या उजव्या हाताचं बोट घेतलं नाही. तीनदा ठेवलं, तीनदा लाल दिवा. तारांनी टोकाला घट्टा पडून ठसाच पुसट झालाय. मागं रांग तुंबली. ऑफिसमधल्या माणसानं बोट उलटसुलट करून बघितलं आणि कसलं काम करता म्हणून विचारलं. मी गिटार म्हणालो, तर त्याला वाटलं चेष्टा करतोय. शेवटी त्यानं डाव्या हाताचं पहिलं बोट नोंदवून घेतलं. तेव्हापासून रोज त्याच हातानं आत जातो.