वहिनीचा सपोर्टवाला

आमच्या दादाला सोफ्याचं पोट फाडून आतल्या स्प्रिंगा बाहेर काढता येतात, पण स्वतःच्या पोटातलं एक अक्षर बाहेर काढायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. लहानपणापासून तसाच. आई विचारायची, "जेवलास का?" तर हा "हं". शाळेत मार खाल्लास का, तरी "हं". धंदाही त्यानं स्वतःला शोभेलसाच निवडला. जुने सोफे, खुर्च्या, मोटारीच्या सीटा नव्यानं मढवून द्यायच्या. काम करताना तोंडात मूठभर बारीक खिळे धरतो, जिभेनं एकेक ओठाशी आणतो आणि लोहचुंबकाच्या हातोडीनं उचलून ठोकतो. म्हणजे दिवसभर न बोलायला कारणच मिळालं.

खाली पुढं त्याचं दुकान, मागं त्याचं आणि वहिनीचं घर, आणि वर मी. मी धाकटी बहीण. लग्न केलं नाही, पोस्टात काउंटरवर बसते. हे आधीच सांगते, कारण या सगळ्यात मीही जळले, आणि ते मी लपवणार नाही.

वहिनी दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलावर बसायची. फोन घ्यायचे, पेशंटला वेळ द्यायची, घाबरून पळायच्या बेतात असलेल्याला गप्पांत गुंतवून खुर्चीपर्यंत न्यायचं. ती जागा म्हणजे तिचा जीव की प्राण. उजवा कान तिचा लहानपणीच गेलेला. डावा मशीनवर चालतो. ते मशीन एके दिवशी खरखरलं आणि ठार बंद पडलं. कंपनीनं ते कुरियरनं मागवून घेतलं, "दुरुस्त करून पाठवतो" म्हणाले, आणि गप्प बसले.

डॉक्टर माणूस वाईट नाही. त्यानं तिला कागदावर लिहून दिलं, की मशीन येईपर्यंत आतल्या खोलीत हत्यारं उकळायला बसा, टेबलावर तात्पुरती दुसरी मुलगी बसेल, महिनाअखेर बघू. वहिनीनं ते "बघू" बरोबर वाचलं. महिनाअखेरपर्यंत मशीन आलं नाही, तर खुर्ची गेली. घरी येऊन म्हणाली, "ती पोरगी माझी उशी पाठीला लावून बसते हो. माझी उशी!" दादानंच शिवून दिलेली होती ती. दादा म्हणाला, "हं."

फोनवर बोलणं तिला शक्यच नव्हतं, म्हणून तिनं कंपनीला ईमेल लिहायला घेतलं. सपोर्टवाल्यांना इंग्रजीतच लिहावं लागायचं. वहिनीचं इंग्रजी झकास. पण घरात ईमेलचं खातं एकच, दुकानाचं. रेक्झिनवाला, फोमवाला, सगळ्यांचं त्यावरच यायचं. ते तिच्या फोनवर दिसायचं आणि दुकानाच्या फोनवरही. तिथंच माशी शिंकली.

एका संध्याकाळी दादा जिना चढून वर आला. तो सहसा वर येत नाही, म्हणून मी हातातलं काम टाकून उठलेच. त्यानं फोन पुढं केला. "वाच. काय लिहितेय ही?"

मी वाचून मराठीत सांगितलं. "आपण कुशल असाल अशी आशा करते. आपल्याला पुन्हा त्रास देत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. माझ्या मशीनच्या दुरुस्तीची सद्यस्थिती आपल्या सवडीनं कळवू शकाल का? आपली अत्यंत आभारी राहीन."

दादानं फोनकडे डोळे वटारले. मग म्हणाला, "सवडीनं?"

"असंच लिहितात अरे."

"मला म्हणते, नळ गळतोय, आत्ताच्या आत्ता उठा. याला सवडीनं?"

"तो कंपनीचा माणूस आहे. तू नवरा आहेस."

"तेच म्हणतोय मी," दादा म्हणाला. "आता त्याचं वाच."

त्याचं उत्तर होतं, की मॅडम, आपल्या संयमाबद्दल मनापासून आभार, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, चौकशी सुरू आहे.

"संयम?" दादा उडालाच. "हिच्यात? हा कुठल्या बाईबद्दल बोलतोय?"

मला हसू फुटलं, पण खोटं कशाला बोलू, आतून मलाही झोंबलं होतं. माझ्या काउंटरवर लोक दिवसभर हेच तर विचारायला येतात, की आमचं पार्सल कुठं पोचलं. पण कसे विचारतात? "ओ बाई, कुठं मेलं आमचं पार्सल? झोपता काय इथं?" एवढी वर्षं नोकरी केली, मला कुणी म्हटलं नाही, की बाई, आपल्या सवडीनं सांगा. आणि हा कोण कुठला, ना नाव ना चेहरा, एक काम धड करत नाही, आणि त्याला क्षमा काय, आभार काय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग दादाचं रोजचंच झालं. दुकान बंद केलं की जिन्यावर पावलं. "आज काय म्हणतोय सभ्य?" सपोर्टवाल्याचं नाव त्यानं "सभ्य" ठेवलं होतं. मी वाचायची, तो ऐकायचा आणि चरफडत खाली जायचा. मी सांगून सांगून थकले, की हे ठरलेलं बोलणं असतं, तो सगळ्यांना हेच पाठवतो, कदाचित तो माणूसही नसेल. दादा म्हणायचा, "नसेना का. हिचं तर ठरलेलं नाही ना?"

एकदा त्यानं धीरही करून बघितला. वहिनी कामावरून आली तशी दुकानातूनच विचारलं, "आज काय म्हणाले डॉक्टर?" पण तोंडात खिळे! वहिनी ओठ बघून समजून घेते, आणि याचे ओठ मिटलेले. ती म्हणाली, "पक्कड? तिथंच असेल की, बघा जरा," आणि आत निघून गेली. मी जिन्यात उभी होते. दादानं खिळे हातावर थुंकले आणि कुणी थोबाडीत मारल्यासारखा नुसता बसून राहिला. पण तोंड रिकामं करून पुन्हा विचारायला गेला का? नाही. तो माणूसच तसला.

महिना सरत आला, तशी ती मोठी मेल आली. सपोर्टवाल्यानं विचारलं होतं, की मशीन नसल्यामुळे रोजच्या आयुष्यात काय अडचण येते ते लिहावं, म्हणजे तक्रार रांगेत पुढं घेता येईल. आणि वहिनीनं लिहिलं होतं. भरपूर लिहिलं होतं. दादा खुर्चीच्या कडेला बसला. मी आधी मनात वाचलं आणि म्हणाले, "नेहमीचंच आहे रे."

"एवढं लांब? वाच सरळ."

मग मी वाचलं. "आतल्या खोलीत दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही, कारण बोलायचं तर कागद शोधावा लागतो. घरी सगळे हसले की मीही हसते, कशाला हसले ते मला कळलेलं नसतं. हळूहळू मी खोलीतून पुसली जात आहे असं वाटतं. फार भीती वाटते. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सांगून उपयोग नाही, तो हं म्हणेल. आपल्याला तसदी दिल्याबद्दल क्षमस्व."

दादा म्हणाला, "हं."

आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "माझ्याबद्दल त्याला सांगते. त्याला! आणि मी इथं खाली, भिंतीपलीकडे बसलेलो असतो." मग फोन खिशात घातला आणि दाणदाण उतरून गेला. एवढा दुखावलेला मी त्याला आई गेली तेव्हाही बघितला नव्हता.

त्यानंतर तो वर आला नाही. मला वाटलं, डोकं ठिकाणावर आलं असेल. डोकं कसलं ठिकाणावर!

पार्सल आलं ते महिना संपायच्या जरा आधी. वहिनीचा आनंद बघण्यासारखा होता. दारातच पाकीट फाडलं, मशीन कानात घातलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बोला. बोला ना काहीतरी." मी म्हणाले, "वहिनी." तिचा चेहरा तसाच वाट बघत राहिला. मी मोठ्यांदा म्हणाले, "वहिनी!" काही नाही. मशीन होतं तसंच मेलेलं. पाकिटात एक चिठ्ठी होती, की ग्राहकाच्या विनंतीवरून तक्रार बंद करण्यात येत आहे, वस्तू दुरुस्तीविना परत.

"मी कधी विनंती केली?" वहिनी मला विचारत होती. दादा मागं रेक्झिन कापत होता. त्यानं मान वर केली नाही.

तरी बघा, त्या बाईनं काय लिहावं? "कुठेतरी गैरसमज झालेला दिसतो, कृपया पुन्हा पाहाल का?" शिवी नाही, आवाज नाही. तिकडून आलं, की नवी तक्रार रांगेच्या शेवटी लागेल. महिनाअखेरीला डॉक्टरनं त्या मुलीला कायम केलं. वहिनी संध्याकाळी आपली उशी बगलेत मारून घरी आली आणि कपाटावर टाकून दिली.

त्याच संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. दादा दारात उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "मी बंद केली तक्रार."

"म्हणजे?"

"त्याची मेल आली होती. खाली दोन बटणं. तुमची अडचण सुटली का, एवढं इंग्रजी कळतं मला. हिरवं दाबलं. म्हटलं, संपू दे यांचं लिहिणं एकदाचं. मशीन तसंच परत येईल हे डोक्यातच आलं नाही."

मी तोंडाला येईल ते बोलले. गाढवा म्हणाले, मोठा भाऊ असून. तिची खुर्ची घालवलीस म्हणाले. तो सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आता लिही. इंग्रजीत. त्यांच्यासारखंच, सवडीनं वगैरे घालून."

"आधी तिला जाऊन सांग."

"कसं सांगू? तिला ऐकू जायचं तर बोंबलून सांगावं लागेल. समोरच्या सायकलवाल्यापर्यंत जाईल. अख्ख्या गल्लीला सांगू, की मी बायकोच्या ईमेलवर जळतो म्हणून?"

"मग कागदावर लिहून दे."

"तिच्यासमोर बसून? ती वाचत असताना?" तो घाबरूनच गेला. "यालाच लिही. खातं एकच आहे, तिला दिसेलच. दिसू दे."

कुठल्या नवऱ्यानं बायकोची माफी कंपनीच्या सपोर्टमार्फत मागितली असेल? आमच्या दादानं. तो खिडकीशी उभा राहून सांगत गेला आणि मी लिहीत गेले.

"महोदय, आपण कुशल असाल अशी आशा करतो. त्रास देत आहे, क्षमस्व. मी मॅडमचा नवरा. तक्रार त्यांनी बंद केलेली नाही, मी केली. त्या आपल्याशी जसं बोलतात तसं माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून मला आपला राग आला होता. त्यात त्यांची नोकरीतली जागा गेली. कृपया तक्रार पुन्हा उघडावी." इथं तो थांबला. मला वाटलं, संपलं. मी आभार लिहायला घेतले, तर म्हणाला, "थांब. अजून एक विचार त्याला. लिही, की मॅडम आपल्याला सगळं कळवतात. तरी त्यांची सद्यस्थिती काय आहे, ते आपल्या सवडीनं मला कळवाल का?"

माझा हात थांबला. "दादा, हे असं—"

"लिही म्हटलं ना."

लिहिलं. पाठवलं.

उत्तर आलं तेव्हा सुट्टी होती, मी वर कपडे वाळत घालत होते. खालून वहिनीचा आवाज आला. मशीन नसलं की तिला स्वतःचा आवाज कळत नाही, भलताच मोठा येतो. "हे काय आहे हो? हे काय लिहिलंय?" मी माझा फोन बघायला धावले, तर ते खातं माझ्याकडे थोडंच होतं! पण गरजही पडली नाही. वहिनी ठणाणा वाचत होती, आधी इंग्रजीत, मग दादासाठी मराठीत. "तक्रार पुन्हा उघडली आहे, रांगेत पुढं घेतली आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाबाबत आमच्याकडे माहिती उपलब्ध नाही. कृपया मॅडमना थेट विचारावे."

मग वहिनी, "माझी खुर्ची तुम्ही घालवलीत? तुम्ही?"

दादाचं काही ऐकू आलं नाही. मान हलवली असणार.

"एवढी वर्षं बसले मी तिथं! आणि तुम्ही एका बटणानं!" तिचा आवाज फाटला. "आता विचारा की. तो म्हणतोय ना, थेट विचारा. माझ्याकडे बघून विचारा!"

आणि आमच्या दादानं, ज्यानं आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, छाती फुटेस्तोवर ओरडून विचारलं, "कशी आहेस तू?"

समोरचा सायकलवाला दुकानाबाहेर आला. कुणाची तरी खिडकी उघडली.

"वाईट आहे!" वहिनी ओरडली. "फार वाईट आहे!" आणि मग ती थांबेचना. आतली खोली, ती वाफ, ती पोरगी, ते उगाच हसणं, सगळं त्याच्या अंगावर घालत गेली. तो मधूनच ओरडून विचारायचा, "मग? मग काय झालं?" आणि ती रडत रडत पुढचं सांगायची. राग तर तिचा ओसंडून वाहत होता, त्याला ती माफ करणार की नाही देव जाणे. पण सांगत त्याला होती. दुसऱ्या कुणाला नाही.

मी ओले कपडे हातात धरून खिडकीत उभी होते. दादाचं बरं झालं, वहिनीचंही होईल, आनंदच व्हायला हवा होता मला. पण मला इतकी जळजळ झाली, इतकी, की मी खिडकी धाडकन लावून घेतली. नोकरीवर काय अन् घरी काय, मला आजवर कुणी असं ओरडून विचारलेलं नाही, की तू कशी आहेस.