आमच्या साडूंची ड्रेसिंग रूम

नव्या इमारतीत राहायला जाण्यापूर्वीच तिथल्या समस्त रहिवाशांना बुचकळ्यात टाकणारा इसम पुणे शहरात आजवर एकच झाला, आणि तो माझा सख्खा साडू आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून बसणाऱ्या माझ्यासारख्या अर्जलेखकापुढे नाना तऱ्हेची माणसे येतात. परंतु स्वतःच्या सदऱ्यांची सेवाज्येष्ठता सांभाळणारा मनुष्य मला अन्यत्र आढळलेला नाही. जन्मभर सरकारी खात्यात आस्थापनेचे टेबल सांभाळल्यामुळे त्यांचा नवा सदरा आधी घरातल्या घरात उमेदवारी करी, वर्तणूक समाधानकारक आढळल्यास लग्नकार्यात नेमला जाई, कॉलर विरली की मंडईत बदली होई, आणि फरशी पुसायला जाण्यापूर्वी चहापानासह त्याचा निरोप समारंभ होई. एकदा मी त्यांच्या निळ्या सदऱ्याची स्तुती केली, तर कानाशी येऊन म्हणाले, "हळू बोला, साडूभाऊ. त्याची चौकशी चालू आहे. रंग सोडतो."

त्यांचा मुलगा संगणकाच्या कंपनीत लागला, बंगलोरला गेला, आणि जाण्याआधी आईवडिलांसाठी वाघोलीला फ्लॅट घेऊन ठेवला. तेव्हा साडूंनी जाहीर केले, की मोठ्या बेडरूममध्ये भिंत घालून ड्रेसिंग रूम करायची. आम्हाला वाटले, सदऱ्यांची सोय. "सदरे खुंटीवर सुखी आहेत. खोली हिच्यासाठी," ते म्हणाले. नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर आणि कॉटवर कायम कुणीतरी पाहुणा; माझ्या मेहुणीला साडी बदलायची म्हणजे सगळ्यांना गॅलरीत घालवावे लागे, नाहीतर मोरीत अंग चोरून कसेबसे नेसावे लागे. ते साडूंच्या मनात इतकी वर्षे रुतून होते. आता त्यांनी जुन्या घराच्या फरशीवर खडूने नियोजित खोली आखली. मी सहज आत पाऊल टाकले, तर ओरडले, "अहो, भिंतीतून काय येताय? दार तिकडे आहे!" मी मुकाट्याने वळसा घातला. तेवढ्यात मेहुणी पोळ्यांचा डबा घेऊन त्याच भिंतीतून आरपार गेली. मी बोट दाखवले, तर म्हणाले, "मालकीण आहे ती."

भिंतीसाठी सोसायटीची परवानगी लागत होती. अर्जाचा मजकूर अर्थातच माझा. 'सबब, ड्रेसिंग रूम उभारणेस मंजुरी मिळावी' असे वजनदार वाक्य मी घातले. सेक्रेटरीबाईंनी ते वाचून चष्म्यावरून पाहिले. "काका, रहिवासी इमारतीत दवाखाना चालणार नाही." मराठी माणसाला ड्रेसिंग म्हटले की टिंक्चरचा वास येतो, त्याला अर्जलेखक काय करणार! बातमी जिन्याने वर गेली, आणि आम्ही निघेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा अंगठ्याची पट्टी दाखवत विचारू लागले, "रविवारी उघडं असतं का?" मी दुसरा अर्ज शुद्ध मराठीत लिहिला: 'वेशभूषा कक्ष'. त्यावर बाई म्हणाल्या, "नाटक बसवताय? मग तालमी दुपारी नकोत. माणसं झोपतात."

अखेर साडूंना सभेत बोलावले. मी त्यांना भाषण लिहून दिले होते. त्यांनी ते खिशातून काढलेच नाही. "बायकोला साडी नेसायला खोली हवी," एवढेच म्हणाले. मागून कुणीतरी टोमणा मारला, "घरात दोघंच ना? दार लावायचं की!"

"दार लावण्याआधी तिला कुणाला तरी बाहेर घालवावं लागतं," साडू म्हणाले. "आयुष्यभर तेच केलं तिनं. मला अशी खोली हवी, की तिनं नुसतं आत जावं."

सेक्रेटरीबाईंनी माझा अर्ज पुन्हा न वाचताच सही केली.

वास्तुशांतीच्या दिवशी मेहुणी नवी साडी घेऊन त्या खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज झाला. साडू बाहेर हात मागे बांधून, साहेबाच्या केबिनबाहेर उभे राहावे तसे उभे होते. बराच वेळ झाला. मग कडी निघाली आणि दार बोटभर उघडले.

"अहो," आतून मेहुणी म्हणाली, "बाहेर काय उभे राहिलात? निऱ्या धरायला या."

साडूंनी माझ्याकडे पाहिले. चप्पल काढली आणि आत गेले. दार पुन्हा लागले. मी हॉलमध्ये एकटाच राहिलो, आणि इतक्या वर्षांत माझ्या घरी निऱ्या कोण धरते, हे मला आठवेना.