वरच्या थरातला दात

सुलूआत्या गेल्याचा फोन आईनेच केला. "चहा घेऊन उठवायला गेले गं..." एवढंच बोलली. बाबांच्या माघारी उमेळ्याच्या आमच्या घरात या दोघीच राहत, नणंद आणि भावजय. शेजारच्या वाड्या जाऊन इमारती आल्या, तरी दोघी हलल्या नाहीत.

आत्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. पण खरा जीव लक्षावधी वर्षांपूर्वीच्या उंदरांच्या दातांत. कच्छहून मातीची पोती यायची. मागच्या पडवीत ती माती भिजवून, बारीक चाळणीत धुऊन, वाळवून ती दात वेचायची. खालच्या थरात कोवळा पाला खाणाऱ्या उंदरांचे दात सापडत, वरच्या थरात नव्याने आलेल्या गवत खाणाऱ्यांचे. नव्यांनी जुन्यांना हुसकावलं, असं बरेच जण मानत. आत्याला ते पटत नव्हतं. स्पर्धा झाली तरी दोघांनी खाणं वाटून घेतलं असणार, पुढे पाऊस हटून रान वाळलं तेव्हा जुने संपले, असं ती म्हणे. त्यासाठी वरच्या थरात जुन्यांचा एक तरी दात हवा होता, आणि तो तिला आयुष्यभर हुलकावणी देत राहिला.

"तुझी आई लग्न होऊन आली म्हणून मी नामशेष झाले का?" ती मला विचारायची. "मी स्वयंपाकघर सोडलं आणि पडवी धरली."

खाडीकाठच्या खाजणाकडच्या गावातून आलेल्या आईने एकदा धुतलेला गाळ थेट मोगऱ्याच्या कुंडीत ओतला. पाणी गेल्यावर उरतो तो कचराच, असं तिचं म्हणणं. दुसरी कुणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. आत्याने कुंडी उपडी केली आणि आईला शेजारी बसवलं. तांदूळ निवडायच्या सवयीने आई दात वेचू लागली... पुढे दुपारची ती दोघींची बैठकच झाली. मोगरा मात्र मेला.

आत्या गेली तेव्हा वरच्या थराची माती बादलीत भिजत होती. टाकून देऊ, मी म्हटलं. आई ऐकेना. दिवसकार्य उरकल्यावर ती एकटीच चाळणी घेऊन बसली. परवा आत्याची एक विद्यार्थिनी आईने वेचलेलं तपासायला आली. एक दात तिने भिंगाखाली कितीदा तरी फिरवला. तो पाला खाणाऱ्यांचा होता. एका दाताने काही सिद्ध होत नाही, अजून बरीच माती धुवावी लागेल, असं तिने बजावलं खरं, पण भिंग काही खाली ठेवेना. मला रडू आलं, आनंदानेच.

"म्हणजे दोघं एकत्र राहिले ना?" आईने विचारलं.

"राहिले असावेत," विद्यार्थिनी म्हणाली.

आईने पदराला हात पुसले आणि पुढचं पोतं उसवायला घेतलं.