रडकी कप्तान

कार्टून बघणाऱ्या मोठ्या बाईला आमच्याकडं लोक दोनच प्रश्न विचारतात. पोरं किती, आणि डोकं ठिकाणावर आहे का. मला पोरं नाहीत. मी लातूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त काढते आणि घरी येऊन उडत्या जहाजाची मालिका बघते. आई म्हणायची, "वेळेवर लग्न केलं असतंस तर आता तुझी पोरगी बघत बसली असती हे."

मालिका परदेशातल्या एका मोठ्या करमणूक कंपनीची. आमच्या लहानपणी ती दुपारी टीव्हीवर हिंदीत लागायची. जहाजाची कप्तान एक मुलगी होती, निळा कोट घालणारी. कुठं जायचं हे तिला कुणाला विचारावं लागत नसे, आणि ती कितीही उशिरा परतली तरी दारात कुणी उभं नसे. मला तेवढंच आवडायचं. लढाया वगैरे नंतर.

पुढं मोबाइल आले, आणि माझ्यासारखे बरेच निघाले. लोह्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेल्या एका भावानं मराठवाड्यातल्या चाहत्यांचा ग्रुप काढला. त्यात मला नांदेडची मैत्रीण भेटली. ती वडिलांबरोबर लेडीज टेलरिंगचं दुकान चालवते. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, म्हणून मला ताई म्हणते. आमच्या घरचे सणवार वेगळे, पण दोघींनी त्याच दुपारी, तेच भाग, चोरून बघितले होते. एवढी ओळख पुरे झाली. मी नांदेडला गेले की तिच्याकडं उतरायचं, ती लातूरला आली की माझ्याकडं, असं सुरू झालं.

ही कंपनी अधूनमधून तिकडं अमेरिकेत मोठं संमेलन भरवते. चाहते आवडत्या पात्रांचे कपडे घालून येतात, कंपनीचे बडे साहेब स्टेजवर येतात, नवे पिक्चर आणि नवी थीम पार्क जाहीर करतात, आणि लोक देव दिसल्यासारखे ओरडतात. आम्ही ते मोबाइलवर बघायचो. त्या वर्षी भारताबद्दल काहीतरी सांगणार अशी कुणकुण होती. लोह्याचा भाऊ म्हणाला, "एकट्या-एकट्यानं कशाला बघायचं? सगळे मिळून बघू." तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. मैत्रिणीनं दुकानाची माडी मोकळी केली, कापडाचे तागे एका अंगाला सारले आणि चादर बांधून पडदा केला. प्रोजेक्टर लोह्याच्या भावानं आणला.

त्या दिवशी ती कप्तान होऊन आली. शाळेच्या ब्लेझरच्या उरलेल्या कापडाचा निळा कोट तिनं शिवला होता. दुकानातली कामं उरकून, जमेल तेव्हा, कित्येक महिने. खाली सलवार, डोक्यावर नेहमीची ओढणी, आणि ओढणीवर कप्तानची टोपी. आम्ही टाळ्या वाजवल्या. ती लाजली आणि म्हणाली, "बाह्या जरा लांब झाल्यात, बघू नका."

साहेबांनी आधी पुढचं मोठं संमेलन मुंबईत होईल असं सांगितलं. आम्ही ओरडलो. मग पडद्यावर भारताचा नकाशा आला, आणि त्यांनी पार्क जाहीर केलं. चित्रं दाखवली. मधोमध आमचं उडतं जहाज, खऱ्या मापाचं, आणि त्याच्या शिडीवरून माणसं वर चढताहेत.

मैत्रिणीनं दोन्ही हात गालांवर दाबले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "ताई, त्याच्यावर चढता येणार हाय गं," ती म्हणाली. "खरोखर चढता येणार हाय. लई भारी! लई भारी!"

आवाज ऐकून तिचे अब्बा भज्यांचं ताट घेऊन माडीवर आले. पोरगी रडतेय आणि बाकीचे नाचताहेत हे बघून ते दारातच थबकले. "कौन गुजर गया?" त्यांनी विचारलं. आम्ही इतके हसलो की उत्तर देता येईना. शेवटी तिनंच डोळे पुसत सांगितलं, "कोई नै अब्बा. जहाज आरा." ते म्हणाले, "आने दो. भजे गरम हैं, पैले वो खाओ."

माझ्या आयुष्यातली ती एक चांगली सकाळ होती. इथंच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

लोह्याच्या भावानं तिचं रडणं मोबाइलवर घेतलं होतं. तिला विचारून त्यानं ते नेटवर टाकलं. थोड्याच दिवसांत कंपनीनं स्वतःच्या पानावर जगभरच्या चाहत्यांच्या आनंदाची एक फीत लावली. ब्राझीलची पोरं उड्या मारताहेत, जपानी आजोबा हात जोडताहेत, आणि त्यांच्यामागून नांदेडची माडी, आमची मैत्रीण आणि तिचं "लई भारी". ग्रुपवर कल्ला झाला. देगलूरच्या एकानं पेढ्यांचे फोटो टाकले. अब्बांनी ती फीत चौकात चहावाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवली.

संध्याकाळपर्यंत खाली लोकांचं लिहिणं वाढलं. मी लॅबमधून येऊन वाचायला बसले.

"गावाकडची कप्तान." "लय भारी न्हाय, लई भारी म्हना." "ताई, आधी मुंबईपर्यंत यष्टी मिळते का बघा." "अशा लोकांसाठी पार्क असेल तर मी जाणार नाही." पुढं जे होतं ते मी इथं लिहिणार नाही. ते तिच्या ओढणीबद्दल होतं, तिच्या धर्माबद्दल होतं, आणि ती कुठल्या देशात जाऊन जहाजावर चढू शकते याबद्दल होतं. परक्या लोकांनी लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण लिहिणाऱ्यांच्या नावापुढं आमच्याच कप्तानची चित्रं होती. त्यांनीही त्याच दुपारी तीच मालिका बघितली होती. त्यातून ते हे शिकले होते.

मी तिला फोन केला. "वाचू नकोस," मी म्हणाले.

"वाचलं," ती म्हणाली. "सगळं वाचलं. ताई, एकानं लिहिलंय बाह्या लांब झाल्यात म्हणून. ते बाकी खरं हाय."

दोन-तीन दिवसांनी कंपनीनं ती फीत काढली आणि नवी लावली. ब्राझीलची पोरं होती, जपानी आजोबा होते. नांदेड नव्हतं. ज्यांनी घाण लिहिली त्यांना कुणी हात लावला नाही. जी रडली तिला काढलं. मी कंपनीला लिहून विचारलं. प्रत्येक चाहत्याचं प्रेम आमच्यासाठी मोलाचं आहे, असं उत्तर आलं. खाली कुणाचं नाव नव्हतं. आणि काढून फायदाही झाला नाही. लोकांनी तिचा तेवढा तुकडा कापून ठेवला होता. त्याच्यावर वाट्टेल ती गाणी लावून तो फिरत होता, 'रडकी कप्तान' म्हणून.

पुढच्या खेपेला मी नांदेडला गेले तेव्हा ती आत चहा करत होती. अब्बा मशीनवर होते. त्यांनी पाय थांबवला, आतल्या दाराकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "बेटी, ते पुसता येत न्हाई का?"

"नाही चाचा," मी म्हणाले. "आता नाही येत."

त्यांनी सुईखालचं कापड सरळ केलं. "मीच सगळ्यांना दाखवलं चौकात," म्हणाले, आणि पुन्हा मशीन चालू केली.

मुंबईचं संमेलन आलं तेव्हा मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "मी कशाला लपू? मी काय कुणाचं चोरलंय?" वेशभूषेच्या स्पर्धेत तिनं नाव दिलं होतं. बाह्या उसवून नीट केल्या होत्या. आम्ही दोघी आणि लोह्याचा भाऊ असे तिघं गेलो.

एवढी मोठी इमारत मी आधी आतून पाहिली नव्हती. रांगेत पोरी-पोरं परदेशातून मागवलेले चकचकीत पोशाख घालून उभी होती. आमच्या पुढच्या दोघींनी मागं वळून पाहिलं आणि एक किंचाळली, "अय्या, तुम्ही त्याच ना? रडक्या कप्तान?"

मैत्रीण हसली. "हाव," म्हणाली.

"सेल्फी काढू या ना! एकदा तसे हात करा ना गालावर. प्लीज."

तिनं हात गालांवर ठेवले. पोरींचा फोटो झाला. मग त्यांच्या पुढच्यांनी मागितला. मग लांबून लोक यायला लागले. ती प्रत्येकाला हात करून दाखवत होती, पण चेहऱ्यावरचं हसू हळूहळू वाळत चाललं होतं. एक जण म्हणाला, "रडा ना खरंच. डोळ्यांत थोडं पाणी घाला." त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मी ती बाजूला सारली, तर तो मलाच म्हणाला, "काकू, चिल."

आत काचेच्या पेटीत पार्कचा नमुना मांडला होता. मैत्रीण बराच वेळ वाकून बघत होती. जहाजाला शिडी कुठल्या बाजूनं आहे ते शोधत होती. ती दिसायच्या आत रखवालदार म्हणाला, "आगे बढो मॅडम, आगे बढो."

तेवढ्यात गळ्यात कार्ड घातलेली कंपनीची एक मुलगी आम्हाला शोधत आली. फार गोड बोलली. स्टेजवर याल का म्हणून विचारलं.

"स्पर्धेसाठी ना?" मैत्रिणीनं विचारलं. "कोटासाठी?"

"हो, हो, त्याच्यासाठीच," ती मुलगी म्हणाली आणि तिचा हात धरून घेऊन गेली.

मी खाली गर्दीत उभी राहिले. झगमगीत जाकिटातला निवेदक ओरडला, "आणि आता आपल्या सगळ्यांची लाडकी, रडकी कप्तान!" हॉल दणाणला. मागच्या मोठ्या पडद्यावर तो तुकडा लागला. कंपनीनं आपल्या पानावरून जो काढला होता तोच, कंपनीच्याच स्टेजवर. निवेदकानं तिच्या तोंडाशी माइक धरला आणि नाकातून, गावंढळ हेल काढत म्हणाला, "बोला ताई, लईऽऽ भारीऽऽ!"

ती माइकमध्ये म्हणाली, "कोट मी शिवलाय. शाळेच्या ब्लेझरचं कापड हाय. कॉलर उलटी करून बघितली तर आत..."

"सो क्यूट!" निवेदक म्हणाला. "पण रडू कुठंय?"

हॉल ओरडायला लागला. रडू, रडू, रडू. तालावर. तिनं समोर पाहिलं. हजारो माणसं होती, निम्मी तरी निळ्या कोटात. मला वाटलं आता ही खरंच रडणार.

"ते मी घरी रडले होते," ती म्हणाली. "तुमच्यासाठी न्हवतं ते."

आणि ती पायऱ्या उतरून आली. यावर लोकांनी शांत व्हायला हवं होतं. त्यांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला. निवेदक म्हणाला, "काय ॲटिट्यूड आहे बघा कप्तानचा! जोरदार टाळ्या!"

स्पर्धा दुसऱ्या हॉलमध्ये होती आणि तोवर आटोपली होती. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती स्टेजवर होती. परतीच्या प्रवासात लोह्याचा भाऊ एकदाच बोलला. "मी ते टाकायलाच नको होतं."

"मला विचारून टाकलंस तू," ती म्हणाली. "तुझा काय दोष?" मग खिडकीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग केलं. तिला झोप लागली की ती तोंड उघडं ठेवते, हे मला माहीत आहे.

पुढं पार्क झालंच नाही. कंपनीनं सांगितलंही असं की आधी कळलंच नाही. योजनेचा फेरविचार चालू आहे, असं एका निवेदनात कुठंतरी खाली होतं. मग कुणीतरी ते शोधून काढलं आणि चाहते भडकले. ज्यांनी लिहिलं होतं की अशा लोकांसाठी पार्क असेल तर मी जाणार नाही, तेही लिहायला लागले, आपलं स्वप्न मोडलं. आपलं. आणि दुःख दाखवायला सगळ्यांनी एकच चेहरा लावला. दोन्ही हात गालांवर, डोळ्यांतून धारा. तिचा आनंद त्यांनी आधी हसायला वापरला, आता रडायला घेतला. मी एका ठिकाणी लिहिलं की ही बाई दुःखानं रडत नव्हती, पार्क होणार म्हणून रडत होती. एकानं उत्तर दिलं, "असू दे ना, चेहरा सूट होतो."

ग्रुप हळूहळू बंद पडला. कुणी भांडलं नाही. आधी लोक कमी बोलायला लागले, मग फक्त सणांच्या शुभेच्छा, मग त्याही नाहीत.

परवा मावसभावाच्या लग्नाला नांदेडला गेले होते, म्हणून दुकानात डोकावले. लग्नसराईची गर्दी होती. अब्बा आता मशीनवर कमी बसतात, डोळे साथ देत नाहीत. तिनं मला स्टुलावर बसवलं, गळ्यातली टेप न काढताच चहा मागवला. माझ्या आईची चौकशी केली, लॅबमधल्या नव्या मशीनची चौकशी केली. मीही तिच्या भाचीच्या बारावीचं विचारलं. त्या मालिकेचा विषय आम्ही काढत नाही. तिचा नवा सीझन आलाय हे मला माहीत होतं, तिलाही असणार.

मध्येच तिचा मोबाइल वाजला. देगलूरच्या चुलत वहिनीनं घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, इकडं सकाळपासून लाइट नाही, आणि खाली तो चेहरा. तिनं मला दाखवला.

"वहिनीला माहीत नाही तू आहेस म्हणून?" मी विचारलं.

"माहीत हाय की. म्हणून तर पाठवती."

तेवढ्यात एक बाई ब्लाउजचं कापड घेऊन आली. कापड काउंटरवर ठेवता ठेवता ती मैत्रिणीकडं बघत राहिली. "तुम्हाला कुठंतरी बघितल्यासारखं वाटून राहिलं," म्हणाली.

"चौकातच बसते मी," मैत्रीण म्हणाली. "रोज दिसत असंन." आणि टेप सोडवत तिला म्हणाली, "हात वर करा. मोकळा श्वास घ्या, पोट आत ओढू नका, नंतर तंग होतंय."