स्वानंदीच्या फोटोखालचा शब्द

देवासच्या टेकरीखालच्या एका गल्लीत इंदू साड्यांना फॉल-पिको करून देते. शेजारणी म्हणतात, हिला स्वतःच्या सावलीचाही शक येतो. धारचा अजेय कॅमेरा घेऊन गल्लीतल्या मुलांचे ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो काढायला आला, तेव्हा सगळ्यांनी आपापली मुलं नटवून पुढे केली. इंदूनं मात्र लेकीला, स्वानंदीला, आत ओढलं.

"फोटो लावणार कुठं, भिया?"

"धारला प्रदर्शन आहे, ताई."

"आणि रंगीत का नाही?"

"रंग असला की लोक कपडे बघतात. मला चेहरे दाखवायचेत."

तिला काही ते पटलं नाही. पण नवरा दीपेश म्हणाला, "काढू दे ना, पोरगी मागे लागलीये." स्वानंदी नवा पिवळा फ्रॉक घालून भिंतीपाशी उभी राहिली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि इंदूला आत जावं लागलं.

पुढच्या आठवड्यात अजेयनं फोटोची प्रत आणून दिली. फ्रॉक मळकट दिसत होता. दिवसभर खिदळणारी पोर मार खाल्ल्यासारखी बघत होती.

"हसली का नाहीस गं?"

"काका म्हणाले, हसू नको."

लहान पोरीला हसू नको म्हणणारा माणूस कसला? इंदूच्या डोक्यातून ते जाईना. रविवारी माहेरी जाते असं सांगून ती निघाली आणि इंदूरला बस बदलून थेट धारला पोचली.

हॉलच्या भिंतीवर तिची सगळी गल्ली टांगलेली होती, आणि एकही मूल हसत नव्हतं. शेजारच्या शिखाच्या मुलाची नवी सायकल फोटोतून कापलेली. खाली हिंदीत चिठ्ठी, 'बेसहारा'. स्वानंदीखाली लिहिलं होतं, 'भूख'.

"भिया, ही तर जेवून उठली होती."

अजेय गडबडला. "भूख म्हणजे... शिकण्याची, ताई."

"मग तसं लिहायचं होतं."

तिनं स्टूल ओढलं आणि फ्रेम स्वतःच उतरवली. लोक बघत राहिले. अजेयनं अडवलं नाही. बाकीच्या चिठ्ठ्या तो एकेक करून काढू लागला. शेवटची निघेपर्यंत इंदू दारातून हलली नाही.

घरी आल्यावर तिनं सगळ्यांना सांगितलं. शिखा उलट तिच्यावरच भडकली, "माझा पोरगा भिंतीवर लागला, तेच तुला बघवलं नाही!" तेव्हापासून शिखाच्या साड्या फॉल-पिकोला दुसरीकडे जातात.

मध्यंतरी अजेयचा फोन आला होता. इंदूरला नवीन प्रदर्शन आहे, खाली फक्त मुलांची नावं लिहिलीत, म्हणाला.

"कधी आहे?" इंदूनं विचारलं. "मी येऊन बघते."